डोळे निर्दोष, तरी दिसत नाही : मेंदूच्या मागील भागातून सुरू होणारा अल्झायमर

नेत्रतज्ज्ञांच्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्यातील सर्वांत बारीक अक्षरे एकेक करून ओळखणारी व्यक्ती घरी आल्यावर टेबलावरचा चहाचा कप शोधत चाचपडते, हे ऐकणाऱ्याला सहसा पटत नाही. वय पंचावन्न-साठच्या आसपास असते. बोलणे व्यवस्थित असते. काल कोण भेटले, पेन्शनचा दाखला कधी द्यायचा, नातवाची परीक्षा केव्हा संपते, हे सगळे नीट आठवत असते. तरीही वर्तमानपत्र वाचताना ओळ हरवते, खुर्चीवर बसताना अंदाज चुकतो, जिन्याची शेवटची पायरी आहे की जमीन हे कळत नाही. चष्म्याचा नंबर एकदा बदलतो, दुसऱ्यांदा बदलतो. मोतीबिंदूची सुरुवात आढळली तर शस्त्रक्रियाही होते. दिसण्यात मात्र काही फरक पडत नाही.

अशा तक्रारींच्या मुळाशी मेंदूचा एक क्षयकारी विकार असू शकतो. त्याचे वैद्यकीय नाव ‘पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी’, संक्षेपाने ‘पीसीए’. मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे वरच्या राखाडी थराचा, मागील बाजूने होणारा क्षय असा या नावाचा अर्थ. अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ डी. फ्रँक बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध करताना हे नाव वापरले आणि तेव्हापासून ते रूढ झाले. पुढील काळात मृत्यूनंतरच्या मेंदूतपासणीतून स्पष्ट झाले, की बहुसंख्य रुग्णांत हा अल्झायमरचाच एक प्रकार असतो. ज्या आजाराची ओळख विसरभोळेपणाशी जखडली गेली आहे, तोच आजार येथे दृष्टीच्या वाटेने प्रवेश करतो. निदानाला वर्षे लागतात, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

पाहण्याचे काम कुठे होते?

बुबुळ, नेत्रभिंग आणि दृष्टिपटल ही पाहण्याच्या प्रक्रियेची केवळ पहिली पायरी. दृष्टिपटलावर उमटलेली प्रतिमा विद्युतसंदेशांच्या रूपाने दृष्टिचेतेतून निघते. प्रत्येक डोळ्यामागील या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. हे संदेश मेंदूच्या थेट मागील टोकाला, मानेच्या किंचित वर असलेल्या पश्चकपाल खंडात पोहोचतात. तेथे कडा, दिशा, रंग, हालचाल असे प्रतिमेचे सुटे घटक वेगळे काढले जातात आणि मगच ‘दिसलेल्या’ गोष्टीला अर्थ येतो.

पश्चकपाल खंडातून पुढे दोन वाटा फुटतात. लेस्ली अंगरलायडर आणि मॉर्टिमर मिश्किन या शास्त्रज्ञांनी माकडांवरील प्रयोगांच्या आधारे १९८२ मध्ये ही मांडणी केली आणि आजही ती अभ्यासाचा पाया मानली जाते. एक वाट खालच्या बाजूने, कानाजवळच्या शंखखंडाकडे जाते. समोरची वस्तू काय आहे, चेहरा कोणाचा आहे, हे ती ठरवते. दुसरी वाट वरच्या बाजूने पार्श्विका खंडाकडे जाते. वस्तू कोठे आहे, किती अंतरावर आहे, तिच्यापर्यंत हात कसा न्यायचा, याचा हिशेब ती ठेवते. पीसीएमध्ये बहुधा ही वरची वाट आधी खचते. म्हणूनच रुग्णाला कप म्हणजे काय हे पक्के ठाऊक असते, हातात दिला तर तो ओळखतोही, पण टेबलावरच्या पसाऱ्यात तो कप नेमका कोठे आहे, हे सापडत नाही.

‘समोर तर आहे!’

घरात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे आणि रुग्णाला सर्वाधिक लागणारे वाक्य हेच असते.

हंगेरीतील वैद्य रेझ्यो बालिंत यांनी १९०९ मध्ये एका रुग्णाचे सविस्तर वर्णन लिहिले होते. त्याला एका वेळी एकच वस्तू दिसत असे, वस्तूकडे हात नेताना तो चुकीच्या जागी जात असे, आणि नजर इच्छेप्रमाणे एका वस्तूवरून दुसरीवर नेता येत नसे. पीसीएच्या अनेक रुग्णांत या तिन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात आढळतात. त्यांपैकी पहिली समजून घेणे सर्वांत कठीण. निरोगी माणूस खोलीत शिरतो तेव्हा त्याला खोली दिसते. पीसीएच्या रुग्णाला खिडकीची चौकट दिसते, मग ती नाहीशी होऊन पंख्याचे पाते दिसते, मग कोणाच्या तरी सदऱ्याची बाही. तुकडे दिसतात, त्यांची खोली होत नाही. लग्नसमारंभात वा बाजारात असा माणूस भांबावतो आणि लवकर घरी जाऊ या म्हणतो. लोक त्याला तुसडा झाला म्हणतात.

यातून काही चमत्कारिक विसंगती निर्माण होतात. समोरचा मोठा दरवाजा सापडत नाही, पण जमिनीवर पडलेली टाचणी पटकन दिसते. ठळक मथळा वाचता येत नाही, पण त्याखालचा बारीक मजकूर वाचता येतो. कारण एका नजरेत मावेल एवढी छोटी गोष्ट पूर्ण पकडता येते, तर मोठ्या अक्षराचा एक पायच काय तो दिसतो. मोठ्या टाइपातील पुस्तके वा भिंग आणून देणारे कुटुंबीय सद्भावनेनेच ते करतात, पण अशा रुग्णाला त्याने वाचणे अधिक अवघड होऊ शकते. काल दिसलेली गोष्ट आज दिसत नाही, सकाळी सापडलेला चमचा दुपारी सापडत नाही. या चढ-उतारामुळे ‘सोयीप्रमाणे आंधळेपणा येतो’ असा टोमणा ऐकावा लागतो. रुग्ण ढोंग करीत नसतो, हे घरातल्यांना सांगण्याचे काम शेवटी डॉक्टरांनाच करावे लागते, आणि निदान होईपर्यंत तर सांगणाराही कोणी नसतो.

वाचनातील अडचण बहुतेकांना प्रथम जाणवते. ओळीच्या शेवटी पोहोचल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही, अक्षरे एकमेकांत मिसळतात किंवा हलताहेत असे वाटते. लिहिताना ओळ तिरकी जाते, शब्दावर शब्द चढतो. धनादेशावरील चौकटीत आकडे बसत नाहीत. सही बदलते, आणि बँकेत ती जुळत नाही म्हणून पहिला खटका उडतो.

पार्श्विका खंड दृष्टीखेरीज इतरही कामे करतो. त्यामुळे तोंडी हिशेब जमेनासा होतो, शब्दलेखन चुकू लागते, डावे-उजवे यांत गोंधळ होतो. शर्टाची बाही कोणती आणि हात कोठून घालायचा हे सुधरत नाही, साडीच्या निऱ्या घालणे चाळीस वर्षांच्या सवयीनंतर अचानक अशक्य होते. आयुष्यभर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला शंभरातून बत्तीस वजा करता येईना, की कुटुंबीय प्रथम चिंतेचे वा नैराश्याचे निदान करतात. ते अगदी चुकीचेही नसते. चिंता आणि खिन्नता या रुग्णांत असतातच, आणि त्यांना कारणही आहे. स्मृती व विवेक शाबूत असल्याने आपल्यात काहीतरी बिघडत चालले आहे हे त्यांना पुरते कळत असते. नेहमीच्या अल्झायमरमध्ये विस्मरण हे एक प्रकारचे पांघरूण ठरते. पीसीएच्या सुरुवातीच्या काळात ते नसते.

टंकलेखन चुकू लागलेला कादंबरीकार

या विकाराबद्दल जगाला सर्वाधिक माहिती करून दिली ती इंग्रज लेखक टेरी प्रॅचेट यांनी. ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुतरम्य मालिकेच्या चाळीसहून अधिक कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. टंकलेखन आणि शब्दलेखन बिघडू लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. आधी मेंदूला सौम्य झटका येऊन गेला असावा असे डॉक्टरांना वाटले. डिसेंबर २००७ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, आपल्याला पीसीए झाल्याचे त्यांनी जाहीर केले. पुढील वर्षी त्यांनी अल्झायमरवरील संशोधनासाठी सुमारे दहा लाख डॉलरची देणगी दिली. बीबीसीने त्यांच्यावर केलेला माहितीपट २००९ मध्ये प्रक्षेपित झाला.

कळफलक हाताळता येईना, तेव्हा प्रॅचेट यांनी मजकूर तोंडी सांगण्यास सुरुवात केली, कधी साहाय्यकाला, तर कधी बोलणे टिपून घेणाऱ्या संगणकप्रणालीला. निदानानंतरही ते अनेक वर्षे लिहीत राहिले. १२ मार्च २०१५ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि अखेरची कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. कथानक, पात्रे, विनोद, भाषा हे सारे मेंदूच्या ज्या भागांत वसते ते भाग बराच काळ बचावले होते, हे त्यांच्या या उत्तरायुष्यातून दिसते. बिघाड झाला होता तो कळ आणि बोट यांच्या मधल्या अंतरात.

त्यांचे वयही लक्षात घेण्यासारखे आहे. पीसीएची लक्षणे साधारणपणे पन्नास ते पासष्ट या वयात सुरू होतात. सोळा देशांतील एक हजाराहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लक्षणांच्या प्रारंभाचे सरासरी वय सुमारे ५९ वर्षे आढळले. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते, आणि पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी पावणेचार वर्षांहून अधिक काळ गेला होता. म्हणजे नोकरी चालू आहे, गाडी चालवली जाते आहे, घराचे कर्ज फेडले जाते आहे, अशा वयातील ही चार वर्षे. अल्झायमर हा म्हातारपणाचा रोग ही समजूत तशीही पुरती खरी नाही. आलॉइस अल्झायमर यांची पहिली प्रसिद्ध रुग्ण रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

निदान कुठे अडते

पहिला मुक्काम अर्थातच नेत्रतज्ज्ञांकडे होतो, आणि तो योग्यच आहे. काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा हे विकार पीसीएपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतात आणि त्यांवर उपचारही आहेत. अडचण पुढे येते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत थोडासा मोतीबिंदू शोधला तर बहुधा सापडतोच. तो सापडला की तक्रारीचे कारण सापडले असे सर्वांनाच वाटते. शस्त्रक्रिया यशस्वी होते, दृष्टी तक्त्यावर सुधारते, आणि रुग्ण मात्र तेच सांगत राहतो. येथे कोणी थांबून विचार केला तर पुढची वर्षे वाचू शकतात. डोळ्याच्या तपासणीत आढळणारा दोष आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसत नसेल, तर तो न बसणे हाच एक महत्त्वाचा वैद्यकीय पुरावा असतो.

नेत्रचिकित्सालयातही काही खुणा मिळू शकतात. दृष्टिक्षेत्राच्या संगणकीय चाचणीत दोन्ही डोळ्यांच्या क्षेत्राची एकच बाजू, दोन्हींची डावी किंवा दोन्हींची उजवी, कमी दिसत असेल तर बिघाड डोळ्यांच्या मागे, मेंदूत आहे. ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा ओळखण्याच्या इशिहारा चाचणीचा अनुभवही बोलका ठरतो. रुग्णाला लाल, हिरवा हे रंग सुटे दाखवले तर तो ओळखतो, पण ठिपके जोडून आकडा करता येत नसल्याने चाचणीत नापास होतो. जन्मभर रंग ओळखणारा माणूस साठाव्या वर्षी एकाएकी ‘रंगांध’ ठरला, तर चौकशी पुढे नेली पाहिजे.

मेंदूविकारतज्ज्ञ वेगळ्या पद्धतीने तपासतात. एकावर एक काढलेल्या आकृत्या सुट्या ओळखायला सांगणे, घड्याळाचे चित्र काढून काटे दाखवायला लावणे, दोन एकमेकांत अडकलेले पंचकोन उतरवून काढणे, बरेच काही चाललेल्या चित्राचे वर्णन करायला सांगणे. शेवटच्या चाचणीत रुग्ण ‘एक हात आहे, एक बशी आहे’ असे सांगतो, स्वयंपाकघरातील प्रसंग त्याच्या लक्षात येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या सर्वसाधारण गुणपत्रिकेत मात्र हेच रुग्ण बरे गुण मिळवू शकतात, कारण तिचा भर आठवण आणि भाषेवर असतो. आकृती उतरवण्याचा तेवढा एक गुण गेला तर त्याकडे कोणी बघत नाही.

एमआरआयमध्ये पश्चकपाल व पार्श्विका खंडांतील आकुंचन दिसू शकते. स्मृतिभ्रंशाच्या शंकेने काढलेल्या एमआरआयमध्ये स्वाभाविकपणे प्रथम शंखखंडातील स्मृतिकेंद्राकडे पाहिले जाते. ते ठीक असेल तर ‘वयानुरूप बदल’ असा शेरा येतो. म्हणून दृष्टीविषयीची तक्रार तपासणीच्या चिठ्ठीवर स्पष्ट नमूद असणे फार उपयोगी ठरते. मेंदूच्या कोणत्या भागात साखरेचा वापर मंदावला आहे हे पेट स्कॅनमध्ये कळते आणि मागील भागातील घट त्यात अधिक लवकर दिसते. पाठीच्या कण्यातील द्रवाच्या तपासणीतून अल्झायमरशी निगडित प्रथिनांचा मागही काढता येतो. गोव्यातील रुग्णांसाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा मेंदूविकार विभाग हा पहिला टप्पा ठरतो, तर बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था बोधनविकारांच्या तपासणीसाठी ओळखली जाते.

मेंदू आणि दृष्टी यांत एकत्र बिघाड घडवणारा पीसीए हा एकमेव विकार नव्हे. अंगणात मुले खेळताहेत, कोपऱ्यात मांजर बसले आहे, असे ठळक भास होत असतील, शुद्धीत तासागणिक चढ-उतार असेल, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडले जात असतील, तर ‘लेवी बॉडी’ स्मृतिभ्रंशाचा विचार करावा लागतो. यात विशेष जपायचे ते औषधांबाबत. भास थांबवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी या रुग्णांची प्रकृती गंभीरपणे ढासळू शकते. पार्किन्सनमध्ये फिकट छटांमधील फरक कळेनासा होतो, पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. ‘प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी’ या विकारात नजर खाली वळवता येत नाही, त्यामुळे ताटातले अन्न आणि पायाखालची पायरी दिसत नाही. डोळे खरोखर अधू झालेल्या पण बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांनाही आकृत्यांचे भास होतात. त्याला शार्ल बॉने लक्षणसमूह म्हणतात आणि तो वेडही नव्हे, स्मृतिभ्रंशही नव्हे. दृष्टी एकाएकी गेली, अर्धे दिसेनासे झाले, तर मात्र तो पक्षाघात असू शकतो आणि तेथे तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारा दृष्टिदोष आणि बुद्धिभ्रम हा क्रॉइट्झफेल्ड्ट-याकोब या दुर्मीळ विकाराचा एक प्रकार असू शकतो. पीसीएची वाटचाल महिन्यांची नसते, वर्षांची असते.

कारण आणि औषध

वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या अभ्यासात ज्या रुग्णांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी झाली, त्यांपैकी ९४ टक्के मेंदूंत अल्झायमरचे बदल आढळले. अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि टाऊ प्रथिनाचे गुंते तेच, फक्त टाऊचा जोर मेंदूच्या मागच्या बाजूला. काही थोड्या रुग्णांत लेवी बॉडी किंवा अन्य विकार मुळाशी असतो. अल्झायमर काहींच्या बाबतीत मागील भागच का निवडतो, याचे उत्तर शास्त्राला अद्याप मिळालेले नाही. बहुसंख्य रुग्णांत तो पिढीजातही नसतो.

बरे करणारे औषध नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन ही अल्झायमरवरील नेहमीची औषधे दिली जातात आणि काहींना त्यांचा मर्यादित लाभ होतो. अमायलॉइड हटवणाऱ्या नव्या औषधांपैकी लेकानेमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ही औषधे ऱ्हासाचा वेग काही प्रमाणात कमी करतात, पण तो थांबवत नाहीत. त्यांमुळे मेंदूत सूज वा सूक्ष्म रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शिवाय लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत सहभागी होण्यासाठी स्मृतिदोष सिद्ध होणे ही अट होती. ज्यांची स्मृती शाबूत आहे त्या पीसीएच्या रुग्णांविषयी त्या चाचणीतून फार काही सांगता येत नाही. कालांतराने विकार मेंदूच्या पुढील भागांत पसरतो, स्मृती आणि भाषाही ओसरू लागतात, आणि तेव्हा हा आजार नेहमीच्या अल्झायमरसारखाच दिसू लागतो.

घर बदलता येते

औषधांच्या तुलनेत घरातील साध्या बदलांचा उपयोग अधिक होतो, असे या रुग्णांसोबत काम करणाऱ्यांचे सांगणे आहे. मूळ तत्त्व एकच : गर्दी कमी करायची आणि फरक ठळक करायचा. पांढऱ्या ताटातला पांढरा भात दिसत नाही. तोच गडद रंगाच्या ताटात दिसतो. नक्षीदार टेबलक्लॉथ काढून एकरंगी घातला की कप सापडतो. पायऱ्यांच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, शौचालयाच्या भांड्यावर वेगळ्या रंगाची बैठक, दाराच्या मुठीभोवती गडद चौकट, एवढ्यानेही पडणे-धडपडणे कमी होते. गोव्यातल्या जुन्या घरांतील काळ्या-पांढऱ्या फरशांची चौकट देखणी खरी, पण या रुग्णाला त्यातली काळी फरशी खड्ड्यासारखी भासू शकते आणि तो उंबऱ्यातच थबकतो. काळ्या पायपुसण्याचेही तसेच. चकाकणारी ओली फरशी पाण्यासारखी वाटते. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे लागते.

वस्तूंची जागा ठरलेली असावी आणि ती कोणी ‘आवरण्याच्या’ उत्साहात बदलू नये. ताटात एका वेळी एक-दोनच पदार्थ वाढावेत आणि भाजी कुठे, आमटी कुठे हे सांगावे. ‘ते तिकडे आहे’ या उत्तराचा उपयोग नसतो. ‘तुमच्या उजव्या हाताजवळ, पाण्याच्या तांब्यामागे’ असे सांगितले, किंवा वस्तू सरळ हातात दिली, तर काम होते. वाचायचे असेल तर ओळीखाली पट्टी धरणे किंवा एकच ओळ दिसेल अशी खाच कापलेला पुठ्ठा ठेवणे काहींना जमते. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी ध्वनिपुस्तके, वेळ बोलून सांगणारे घड्याळ आणि आवाजावर चालणारा मोबाइल आहे. पांढरी काठी वापरण्यास बहुतेक जण प्रथम नकार देतात. तिचा उपयोग रस्ता चाचपण्यापेक्षा इतरांना कळवण्यासाठी अधिक असतो. बसच्या पायरीवर रेंगाळणाऱ्या माणसाच्या हातात ती दिसली की मागचे प्रवासी खेकसत नाहीत.

वाहन चालवणे मात्र बंदच करावे लागते, आणि येथे मऊ बोलून चालत नाही. गाव विखुरलेले आणि प्रत्येक घरी स्कूटर असलेल्या गोव्यात हा निर्णय सर्वांत अप्रिय ठरतो. तक्त्यावर ६/६ दृष्टी असल्याने ‘डोळे तर चांगले आहेत’ हा युक्तिवाद रुग्णाच्या हाताशी असतोच. पण समोरून येणाऱ्या गाडीचे अंतर आणि वेग जोखणारा मेंदूचा भागच निकामी होत असताना तो युक्तिवाद प्राणघातक ठरू शकतो.

कायद्याच्या नजरेतून

हाच ६/६ चा आकडा सरकारी कागदपत्रांतही आडवा येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व नमूद आहे. अल्पदृष्टीची व्याख्या तेथे दोन मापांवर बेतलेली आहे : चष्म्यासह चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या पुढे नसणे, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असणे. पीसीएचा रुग्ण घरात भिंती चाचपत फिरत असला तरी पहिल्या मापात तो बसत नाही, आणि दुसऱ्यात बसेलच असे नाही. दीर्घकालीन मज्जाविकारांच्या सदरात पार्किन्सनचे नाव आहे, अल्झायमरचे नाही. मानसिक आजाराच्या व्याख्येत मात्र विचार, भावस्थिती, आकलन, स्थलकालभान किंवा स्मृती यांतील गंभीर बिघाडाचा समावेश आहे, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला प्रमाणपत्र मिळण्याची वाट तेथून जाते. डोळे बिघडलेल्या माणसाने मनोविकाराचा दाखला का घ्यावा, हा रुग्णाचा प्रश्न रास्त आहे. पण तूर्त कायद्याची रचना अशी आहे, आणि अर्ज करताना नेत्रतज्ज्ञांऐवजी मेंदूविकार व मनोविकार तज्ज्ञांचे अहवाल पुढे ठेवणे श्रेयस्कर.

देशात साठ वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे वर्तवला गेला. पीसीएचे रुग्ण त्यांतील अगदी थोडे, आणि साठीच्या आतले रुग्ण तर त्या गणनेतच नाहीत. एका ब्रिटिश तज्ज्ञ केंद्रात आलेल्या अल्झायमरच्या रुग्णांपैकी सुमारे ५ टक्के रुग्णांची मुख्य तक्रार दृष्टीची होती. तेवढाच काय तो अंदाजाला आधार.

काळजीवाहकांपुरते बोलायचे, तर गोव्याकडे या क्षेत्रातला स्वतःचा अनुभव आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या कुटुंबांना घरी जाऊन मदत करण्याचा येथील प्रयोग २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकूण ८१ कुटुंबे त्यात होती. थोडे प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते त्यांपैकी निम्म्या घरांत सहा महिने जात राहिले. आजाराची माहिती देणे, वागणुकीतील अडचणी कशा हाताळाव्यात हे सांगणे, गरजेप्रमाणे डॉक्टरांशी गाठ घालून देणे, एवढेच त्यांचे काम. रुग्णांचा आजार त्याने हटला नाही. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण मात्र मोजण्याइतका कमी झाला. घरोघरी जाणारे हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते.